छाती वर येऊ द्या

ओझुर्गेतीच्या इस्पितळात, वरच्या मजल्यावर,
जिथे एरवी मोडके पलंग रचून ठेवतात,
आज टेबलावर बेसो निजलाय.
बेसो हे आम्ही ठेवलेलं नाव.
कमरेखाली त्याला काही नाही, नुसती झिप.
त्बिलिसीहून पेटीत बसून आलाय, माकाबरोबर.

माका आमची शिक्षिका,
माझ्या धाकटीपेक्षा दोनच वर्षांनी मोठी.
म्हणते, दाबा. पाच सेंटिमीटर, सहाच्या वर नको.
मिनिटाला शंभर ते एकशेवीस.
मी दाबते. अठ्ठावीस वर्षं नर्स आहे,
हातांना काय शिकवायचं?
पडद्यावरची रेघ लाल होते.
"त्सिसाना मावशी, खोल नीट जाताय.
पण दाबलं की तिथेच टेकून राहता.
छाती पूर्ण वर येऊ द्या.
ती वर येते तेव्हाच रक्त आत शिरतं."

मी मान हलवते.
रेघ हिरवी, हिरवी, पुन्हा लाल.

दुपारी गटाने. मालखाझ पुढारी.
गावातल्या निम्म्या लग्नांत तोच तामादा,
दारूचं शिंग हातात आलं की पूर्वजांपासून सुरुवात करतो.
इथे त्याला चार शब्दांच्या वर मुभा नाही.
"ॲड्रेनलिन, एक मिलिग्राम."
"ॲड्रेनलिन एक मिलिग्राम, दिलं," नातो म्हणते.
ऐकलेलं परत उच्चारायचं, म्हणजे हवेत काही सांडत नाही.
"दूर व्हा. सगळे दूर."
शॉक.
बेसो सिनेमातल्यासारखा उसळत नाही.
लगेच हात छातीवर. पडद्याकडे बघत बसायचं नाही.

दोन मिनिटांनी रेघ अशी सुरेख चालू लागते
की मालखाझ खुर्चीत मागे टेकतो. "आला!"
"मान चाचपली?" माका विचारते.
मी बोटं ठेवते. रबर.
"नुसती वीज आहे," ती म्हणते. "कारण शोधा."
रक्त गेलं का, प्राणवायू कमी पडला का,
पोटॅशियम, थंडी, विष, गुठळी...
नातो बोटांवर मोजते, एक विसरते,
आणि तेवढ्या एकासाठी बेसो मरतो.
वेळ पुढाऱ्याने म्हणायची असते.
मालखाझ घड्याळाकडे बघतो, भिंतीकडे बघतो,
एवढा बोलका माणूस.
"चार सतरा," शेवटी म्हणतो, कुणाला तरी शिवी दिल्यासारखं.

सगळे खाली खाचापुरी खायला गेले.
माका वायरी गुंडाळत होती.
मी म्हटलं, एक विचारू?
नवरा माझा, गुराम. हेझलनटच्या बागेत,
गोणीचं तोंड शिवता शिवता कोसळला.
पुलापलीकडून गाडी यायला चाळीस मिनिटं लागली.
मी दाबत होते.
तेव्हा टेकून राहिले असेन का?
पडदा नव्हता गं तिथे. काही लाल झालं नाही.

"चाळीस मिनिटं? एकटी?"
एकटी.
"दर दोन मिनिटांनी हात बदलायचे असतात."
कुणाशी बदलू?

ती काही बोलली नाही.
गुंडाळलेली वायर पुन्हा उलगडायला लागली,
मग तीही ठेवून दिली.
माझे हात कधी बेसोवर गेले कळलं नाही.
यंत्र बंद. रेघ नाही, टिकटिक नाही,
खाली कुणीतरी मोठ्याने हसतंय,
आणि मी दाबतेय, सोडतेय, दाबतेय,
मोजणं सत्तरच्या आसपास विसरले.
ती बघत उभी होती, मनगटावरच्या घड्याळाकडे.

"दोन मिनिटं झाली," माका म्हणाली.
"सरका, मावशी.
आता मी."